फळी सरस की रबर सरस?

वाशीममध्ये पिंगपाँगच्या बॅटीची फळी अन् रबर ज्याला कळतं असा एकच माणूस आहे. तो मी! शाळा चौथीत सुटली, पण जे कळतं ते छातीठोक बोलतो. कोणाला झोंबलं तर झोंबो!

रविवारी अकोल्याच्या क्लबाशी मॅच होती. गावात टेबल एकच, जिनदास कापडवाल्याच्या घरातल्या गोदामात. अन् गोदामावर राज्य त्याच्या आईचं, पानाबाईंचं. पाणी गाळून-गाळून पिणाऱ्या, दिवस बुडायच्या आत जेवणाऱ्या, मुंगी दिसली तर वाट बदलणाऱ्या कडक जैन बाई!

सरावाला बॅटी दोन. एक आमच्या सुतार मिस्त्रीनं केलेली, दाणेदार रबराची. मारली की टक्! दुसरी जिनदासच्या मेहुण्यानं मुंबईहून आणलेली, जाड स्पंजाची. हिचा आवाजच नाही, बॉल दुधावरच्या मांजरासारखा चोरपावलांनी येतो!

"रामधन, सांग पटकन, कोणती घेऊ?" जिनदास घामाघूम.

मी दोन्ही आलटून पालटून हाणल्या अन् गरजलो, "फळी मिस्त्रीची सरस! रबर मुंबईचं सरस!"

आतून पानाबाई धावत आल्या.

"काय म्हणला रे? सरस?"

"एकदम सरस, काकू!"

"अन् हे टेबल?"

"टेबल तर पुऱ्या वऱ्हाडात सरस!"

बाईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा! "उचला!" त्या हमालांवर कडाडल्या. "जनावराचं कातडं उकळून केलेला चिकटा, अन् माह्या घरात? उचला!"

पाहता पाहता टेबल भररस्त्यात!

जिनदासनं कपाळ बडवलं. "अबे येड्या, मायले तो सुताराचा सरस वाटला! आता रविवारी अकोलेवाल्यायले काय वट्यावर खेळवू? जाय, समजाव तिले!"

मी गेलो. "काकू, सरस म्हणजे उत्तम! उत्तम हाय असं म्हणून राह्यलो होतो मी!"

"मंग रबर कायनं चिकटवलं?"

"सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशननं!"

"अन् टेबल?"

"खिळे अन् स्क्रू, काकू!"

बाई निवळल्या. "मंग तसं बोलावं ना रे बापा! माहा जीव उडाला होता." हमालांना हाक गेली. टेबल उंबऱ्यापर्यंत आलं. जिनदासनं मला डोळा मारला, आता गप!

गप बसेल तो रामधन कसला? "काकू, मुंबईवाल्यायले फळी काय समजते! आमच्या मिस्त्रीची पाहा! तीन पदरी! दगडावर आपटा, पदर सुटत नाही!"

"असं? कायनं जोडले पदर?"

जिनदास खोकला. पुन्हा खोकला. मग खोकता खोकता खालीच बसला. पण मी तोंडावर खरं बोलणारा! तहसीलदाराला सोडलं नाही, तर इथं कायले भिऊ?

"सुताराच्या सरसानं! लाकूड अजून कायनं जोडतात?"

"अन् त्याच फळीनं हाणलेला बॉल या टेबलावर नाचला?"

"रोज!"

टेबल पुन्हा रस्त्यात!

रविवारी मॅच झाली. कोंडवाड्यात. दुसरी जागाच कोणी देईना. अकोलेवाले नाकाला रुमाल लावून खेळले अन् तसेच जिंकले. मी खेळलो नाही. एका म्हशीला नेट चघळायची चटक लागली होती. तिची दोरी धरायला, जिनदास म्हणाला, एखादा खरं बोलणारा माणूसच पाहिजे!