नलावड्यांचा फार्स

नलावडे मासे खात नाहीत. गळ्यात तुळशीची माळ आहे, अंड्याचा केकसुद्धा चालत नाही. तरीही बोईसरच्या आमच्या सोसायटीत सगळ्यात जास्त बोंबील तेच विकत घेतात. मासेवाल्या जानकीबाईची टोपली जिन्यात उतरली की ते एक वाटा घेतात आणि ती पिशवी नाकापासून लांब धरून समोरच्या, म्हणजे माझ्या दारात आणून देतात.

"घ्या. तिकीट काढलंय."

तिकीट जानकीबाईच्या हसण्याचं. नलावडे कराडकडचे. एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कारखान्यात बॉयलरवर आहेत. इथे एकटेच राहतात. बायको गावाकडे शेती आणि सासू दोन्ही सांभाळते. दरवर्षी माघी गणपतीत ते सोसायटीसाठी एक फार्स लिहितात आणि आमच्याकडून करून घेतात. नवा प्रवेश लिहिला की तो पहिल्यांदा जिन्यात जानकीबाईला वाचून दाखवायचा. किनाऱ्यावरच्या नवापूरची ही कोळीण हसली तर प्रवेश राहतो, नाही तर जातो.

"सोसायटीतले लोक चेअरमनकडं बघून हसतात," नलावडे म्हणतात. "ही बाई पोटातनं हसते."

फार्स हा शब्द त्यांच्यासमोर जपून वापरावा लागतो. पाण्याच्या टँकरवरून मीटिंगमध्ये भांडण जुंपलं तेव्हा मी सहज म्हणालो, "काय फार्स चाललाय!" नलावडे तिथेच उभे राहिले. "ह्यो फार्स न्हवं. ह्यो गोंधळ. फार्सला तीन दारं लागतात. इथं एकच हाय आणि त्यातनं कुणी जाईना." एकदा पेपरात 'चौकशीचा फार्स' असं छापून आलं, तर दिवसभर त्यांचं डोकं तापलेलं. "फार्समध्ये शेवटी सगळ्यांना सगळं कळतं. चौकशीत कुणाला काय कळलंय आजवर?" मी बोंबील तळायला घेतले.

आणखी एक नियम त्यांचा लाडका. फार्समध्ये कुणी मरत नाही. मेला म्हणून ज्याच्यासाठी सगळे रडतात, तो न्हाणीघरात अंघोळ करत असतो.

गेल्या वर्षीचा फार्स याच नियमावर उभा होता. एक माणूस समुद्रात बुडाला असं समजून घरचे त्याचं तेरावं घालतात. पंगत बसते आणि मधल्या दारातून तो ओलाचिंब आत येतो, पंगतीत बसतो आणि दुसरा लाडू मागतो. हे काम माझं होतं. जुलैत नलावड्यांनी प्रवेश वाचला तेव्हा जानकीबाई हसून हसून जिन्यावर आडवी व्हायची बाकी होती. "बस करा वो भाऊ, पोट दुकतंय माजं!" त्या दिवशी मला सुक्या बोंबलांचे दोन वाटे मिळाले.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रात गेल्या. जानकीबाईचा नवरा ज्या बोटीवर होता ती परत आली, तो आला नाही. रात्री जाळं ओढताना पडला म्हणतात. पुष्कळ शोधलं, पण काही हाती लागलं नाही.

दिवाळीनंतर ती पुन्हा टोपली घेऊन यायला लागली. नलावडे वाटा घ्यायचे, पण वाचत काही नव्हते. तालमी सुरू झाल्यावर ते म्हणाले, "बुडालेला काढलाय. तेरावंही काढलंय. आता बारसं हाय." आम्ही खूप भांडलो. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली, कारण माझं कामच गेलं. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि आम्हीही शहाणे, कुणाच्या लक्षात आलं नाही.

फार्स सपशेल पडला. बारशाला कोण हसणार? चेअरमनसुद्धा हसले नाहीत. पहिल्या रांगेत जानकीबाई शेवटपर्यंत ताठ बसून होती. नलावडे विंगेतून फक्त तिच्याकडे बघत होते आणि तिला लागेल असं काही झालं नाही, एवढ्यावर खूष दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जनरल शिफ्टला निघालो, तर जिन्यात टोपली उतरलेली.

"भाऊ, तो बुडलेला कुटं गेला?" जानकीबाई विचारत होती. "मी वाट बघत बसली. तो आलाच नाय."

"काढला," नलावडे म्हणाले. "म्हटलं, तुमाला वाईट वाटंल."

"वाईट तं वाटतेच हाय. आता माज्यासमोर कोन दर्याचा नाव पन घेत नाय. तुमी पन तसंच केला." तिने पदराने तोंड पुसलं. "मी तेवडं बघायलाच आलेली. एक तरी मानूस परत येताना बघू दे ना."

नलावडे आत गेले, पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि माझ्या इस्त्रीच्या युनिफॉर्मवर डोक्यापासून ओतला.

"जा आत," ते मला म्हणाले. "दार लावा. मी खोकलो की या."

मी त्यांच्या घरात गेलो. बाहेर नलावडे तेराव्याच्या पंगतीत एकटेच वाढायला लागले, भटजीही तेच, रडणारी आत्याही तेच. ते खोकले. मी दार उघडून ओलाचिंब बाहेर आलो, पायरीवर मांडी घातली आणि म्हणालो, "भूक लागलीय. लाडू वाढा. दुसरापण वाढा."

जानकीबाई हसली. जुलैत हसली होती तशीच, पोट धरून. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तिने ते पुसलं नाही. नलावडे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इतकी वर्षं मी या माणसाची फक्त थट्टा केली. त्या सकाळी मला त्यांची फार माया आली.

खाली कंपनीच्या बसने हॉर्न दिला.

"दादा," जानकीबाई मला म्हणाली, "अजून एकदा या ना."

नलावड्यांनी तांब्या भरून आणला. मी आत गेलो आणि दार लावून घेतलं.