आवाज बाहेर येत नाही

चार नावं टंकलेखकाला कशीबशी ऐकू आली होती. पाचव्याशी आला की आवाज बसायचा. "पाचवा तो... खर्रर्र... त्याला काढा." सकाळपासून त्याने तेवढाच तुकडा बावीस वेळा ऐकला होता.

बंद दाराआडच्या बैठकीचं ते रेकॉर्डिंग. चार वाजेपर्यंत टाइप करायचं आणि तोंडाला कुलूप घालायचं, असा साहेबांचा हुकूम. माणसांना कामावरून काढायचं तर तोंडावर सांगावं. पण तेवढी हिंमत असती तर ते साहेब कशाला झाले असते?

ऑफिसच्या हेडफोनचा एक कान कधीच मेला होता, म्हणून ह्याने पदरचे पैसे घालून उंची हेडफोन घेतला होता. बायकोला किंमत निम्मीच सांगितली, तरी ती दोन दिवस बोलली नव्हती. आणि त्या राजेशाही हेडफोनातून आवाज यायचा तो डास खोकल्यासारखा.

"खानदानी माल आहे, भाऊसाहेब," ह्याने बोलावून आणलेला ऑफिसचा वायरमन हेडफोन उलटासुलटा करत म्हणाला. "ह्या डबड्या रेकॉर्डरने ह्याचं काय पोट भरणार? तगडा अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे."

"मग जोड की लेका! साडेतीन वाजले!"

"जोडतो हो. असे घोड्यावर बसून येऊ नका."

अख्ख्या इमारतीला सूचना देणारा अ‍ॅम्प्लिफायर त्याच खोलीतल्या कपाटात होता. आगीची कवायत असली की तेवढा बोलायचा. वायरमनने रेकॉर्डर आणि हेडफोन त्याला जोडले. टंकलेखकाने दार लावलं, दोन्ही कान झाकले. चिडीचूप.

"आवाज बाहेर येत नाहीये!" तो किंचाळला. कानावर हेडफोन असलेला माणूस जगाला बहिरं समजतो.

वायरमनने अ‍ॅम्प्लिफायर न्याहाळला. 'बाहेर' असं त्यानेच खडूने लिहिलेलं बटण खरंच बंद होतं. "बाहेर पाहिजे हे आधी सांगायचं ना!" असं पुटपुटत त्याने बटण दाबलं, आवाजाची चकती शेवटपर्यंत फिरवली आणि निघून गेला.

काय तो आवाज! साहेबांनी घोट गिळला, तोही ऐकू आला. "ह्या पाच जणांना काढा. चहावाल्या मावशी. तो वायरमन. आवक-जावकच्या दोघी." दाराच्या काचेवर मावशी दोन्ही हातांनी थापा मारत होत्या. चहाचंच असणार, म्हणून ह्याने 'नंतर' अशी खूण केली.

"पाचवा तो टंकलेखक. त्याला काढा, पण यादी टाइप करून घेतल्यावर."

त्याचा विश्वास बसेना. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावून त्याने हेडफोन ओरबाडून काढला, तर तेच वाक्य जिन्यातून गडगडत आलं.

दार उघडलं. बाहेर अख्खं ऑफिस.

"मेल्या, तीन-तीनदा काय लावतोस?" मावशी कडाडल्या. "आमचं एकदाच ऐकून भागलं की!"

"आणि मला काढणार, ते मीच सगळ्यांना ऐकवलं," वायरमन कपाळ बडवत म्हणाला.

तेवढ्यात गर्दीतून साहेब आले. चेहरा पांढराफटक. "काय लावलंय हे? काढा म्हणजे... अहो, फोटो! पाच जणांचे फोटो काढा म्हणालो मी. उत्तम कर्मचारी म्हणून. भिंतीवर लावायला."

साहेब टंकलेखकाकडे वळले. सोळा वर्षं 'ए' म्हणून हाक मारणारा माणूस म्हणाला, "तुम्ही नीट टाइप केलंत ना हो?"

टंकलेखक शांतपणे खुर्चीत बसला. 'जणांना'मधला 'ना' खोडला आणि 'चे फोटो' टाइप केलं. "केलं, साहेब. आता करा सही."

साहेबांनी सगळ्यांदेखत सही केली. फोटो लागले. ते काढताना टंकलेखक हेडफोन घालूनच बसला होता. "राहू दे," मावशी फोटोवाल्याला म्हणाल्या, "तेवढीच किंमत वसूल होईल."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वायरमनला लेखी हुकूम पाठवला : अ‍ॅम्प्लिफायरवरचं 'बाहेर'चं बटण ताबडतोब काढा.

आता भिंतीवर सहा फोटो आहेत.