शेवटचा मासा

रामनवमीला आनंदरावबुवांच्या हातून तुळशीची माळ घालायची, हे भोंगवलीच्या कुंडलिकानं पक्कं केलं तेव्हा फाल्गुन लागलेला होता. कीर्तनाचा त्याला भारी नाद. पंचक्रोशीत कुठंही वीणा वाजली की हा पुढच्या रांगेत, आणि बुवांच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी ह्याच्या डोळ्यांत. इतकी वर्षं माळ राहिली होती ती एकाच गोष्टीपायी. नीरेच्या डोहात गळ टाकून बसलं की कुंडलिकाला देव आणि मासा यांत पुढं कुणाला बसवावं ते कळत नसे.

"एकदा माळ पडली की जन्माचं बंद," तो धोंडाबाईला म्हणाला. "त्याच्या आधी एकदा खाऱ्या पाण्याचा ताजा मासा खाणार. सुकट-बोंबील न्हवं. जित्ता, आपल्या हातानं धरल्याला."

"देवाकडं जायाचं, अन् वाटंत समुद्र?" धोंडाबाई भाकरी थापत म्हणाली. "जावा. पर नवमीला हितं पायजे. माळ चुकली तर म्या बुवांना खरं कारण सांगंन."

भोरचा उस्मान गाडीवान दर साली हिरडा भरून घाट उतरायचा. त्याची बहीण खुर्शिदा खाली समुद्रकाठी दिलेली होती. वद्य नवमीला त्याच्या गाडीवर हिरड्याची पोती चढली आणि पोत्यांवर आपली वेळूची काठी, गळ, दोरी आणि टोपली घेऊन कुंडलिक चढला. एकादशी त्यानं घाटात भुईमुगाच्या शेंगांवर काढली. वाटभर उस्मानला त्यानं गजेंद्रमोक्षाचं आख्यान ऐकवलं. बैलांनाही ते पाठ झालं असावं, कारण नक्र हत्तीचा पाय धरतो तिथं ती बरोबर थांबायची.

चतुर्दशीच्या संध्याकाळी ते पोचले. अमावास्येला दिवस उगवायच्या सुमारास कुंडलिक काठी खांद्यावर टाकून निघाला. खुर्शिदानं त्याला थोडी कोलंबी दिली, गळाला लावायला.

"दादा, त्या मोठ्या खडकावर बसा. पर पाणी चढायच्या आत माघारी या हां."

कुंडलिक गालात हसला. पाणी चढायचं म्हणजे काय, हे नीराकाठच्या माणसाला सांगायचं? मृगाच्या आधी पाणी चढत नाही. इथं तर चैत्रसुद्धा उद्या लागायचा होता. बाईमाणसाची काळजी, असं म्हणून तो चालू लागला.

खडकापर्यंत कोरडी वाळू होती. खडक चांगला दोन पुरुष उंच. त्यानं भाकरीचं गाठोडं, पटका आणि जोडा खालच्या कपारीत सावलीला ठेवला, वर चढला, गळ टाकला आणि बसला. तासभर काही लागलं नाही. मग त्यानं सहज खाली पाहिलं, तर जोडा नव्हता.

जोडा पाण्यावर तरंगत गावाकडं निघाला होता. त्याच्यामागं पटका, पटक्यामागं भाकरी. आणि मघाची वाळू कुठं दिसत नव्हती.

कुंडलिकानं आधी आभाळाकडं पाहिलं. लख्ख. मग डोंगराकडं पाहिलं. तिकडंही ढगाचं नाव नाही. मग ह्याला पूर आला कुठून? त्यातून पाणी येत होतं उलट्या बाजूनं. उभ्या जन्मात त्यानं खालून वर येणारा पूर पाहिला नव्हता. पोहायला त्याला डोहापुरतं येत होतं, पण ह्या डोहाला पलीकडचा काठच नव्हता.

किनाऱ्यावरून डोक्यावर पाट्या घेऊन चार कोळणी चालल्या होत्या. कुंडलिकानं हात हलवले. त्यांनीही हलवले. त्यानं काकुळतीनं हात जोडले. भल्या बायका त्या, त्यांनीही पाट्या सावरत त्याला रामराम घातला आणि पाव्हण्याला जागा बरी सापडली, असं आपसात बोलत निघून गेल्या.

पाणी पायाच्या अंगठ्याला लागलं तेव्हा कुंडलिकाला एकाएकी उमगलं. हा पूर साधा नव्हे. माळ घालायची ठरवून जो जिभेचे लाड करायला सात मुलूख ओलांडतो, त्याच्यासाठी देवानं मुद्दाम धाडलेला आहे. त्यानं डोळे मिटले.

"पांडुरंगा, चुकलं. नवमीची वाट बघत न्हाई. हितंच, आत्ताच माळ पडली आसं समज. आजपास्नं माशाचा तुकडा तोंडात घालनार न्हाई. तेवढं पाणी आवर."

आणि काठी वाकली.

अशी वाकली की कुंडलिक पुढं ओढला गेला. वर आली ती लालबुंद तांबोशी, हातभर लांब. त्यानं तिच्याकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. खायचा नाही म्हटलं होतं, धरायचा नाही असं काही बोलणं झालं नव्हतं. उस्मानच्या नावानं त्यानं ती टोपलीत घातली आणि केवळ खात्री करून घ्यायला पुन्हा गळ टाकला. दुसरी पहिलीपेक्षा मोठी निघाली. पाणी अंगठ्याच्या वर चढलं नाही आणि दुपारपर्यंत टोपलीत चार झाल्या. नीरेत उभी हयात बसून त्याला असा दिवस मिळाला नव्हता, आणि मिळाला तो नवसानंतर पळभरात.

दुपार कलली तसं पाणी उतरू लागलं. दिवस मावळायच्या आधी वाळू मोकळी झाली आणि उस्मान चालत खडकाशी आला.

"कुंडलिका, भोरात कुनी इस्वास ठेवनार न्हाई. सारा गाव म्हनतोय, पाव्हना लई जानता, भरती साधून बसला."

"भरती कसली? पूर आला हुता. म्या नवस केला, देवानं पाणी माघारी ओढलं."

उस्माननं टोपली डोक्यावर घेतली. घरी गेल्यावर खुर्शिदा टोपली बघता बघता म्हणाली, "दादा, सकाळीच सांगितलं हुतं की. पाणी रोज चढतं, रोज उतरतं."

"रोज?"

"दिसातनं दोनदा."

"नवस न करता?"

"कुनी नवस करायचा? आन् कुटवर करायचा?"

कुंडलिक ओट्यावर बसला. बराच वेळ तो समुद्राकडं, एखाद्यानं भर बाजारात फसवल्यावर बघावं तसा बघत राहिला.

त्या रात्री घरातले सगळे तांबोशी जेवले. कुंडलिक बाहेर भाकरी आणि कांदा घेऊन बसला. वारा नेमका चुलीवरून त्याच्याकडं येत होता.

"एक तुकडा घे," उस्मान म्हणाला. "नवस माघारी घेता येत न्हाई व्हय?"

"देव काय यापारी हाय? पोतं पसंत न्हाई म्हनून माघारी न्यायला?"

"मंग मी खाऊ?"

"खा. पर जरा तिकडं तोंड करून खा."

पंचमीला तो अनवाणी, उघड्या डोक्यानं भोंगवलीत शिरला. धोंडाबाईनं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कसा लागला मासा?"

"लई झ्याक."

"चव कशी हुती?"

"वास झ्याक हुता," कुंडलिक म्हणाला आणि न्हाणीकडं गेला.

नवमीला आनंदरावबुवांचं कीर्तन असं रंगलं, की रामजन्माची फुलं उधळताना कुंडलिकाला समुद्राचाही विसर पडला. मग माळेची वेळ आली. बुवांची रीत अशी, की माळ हातात धरून प्रत्येकाला विचारायचं, "मन कुठं अडकलं नाही ना?" कुंडलिकाला देवळात खोटं बोलवेना. त्यानं खडक, पूर, नवस, चारी तांबोशी, सगळं सांगितलं. माणसं पुढं सरकून ऐकत होती. धोंडाबाईनं पदर तोंडाला लावला होता.

बुवांनी माळ मागं घेतली.

"कुंडलिका, धाकानं केलेला नवस देव धरत नाही. आणि तुझं मन त्या माशात अजून आहे. तर असं कर, पुन्हा घाट उतर, त्याच खडकावर बस, हातानं धरून पोटभर खा. माझी परवानगी आहे. माळ पुढच्या रामनवमीला घालू."

इतकी मोठी सवलत आजवर कुणाला मिळाली नव्हती. कुंडलिकाच्या डोळ्यांपुढं तो खडक आला, अंगठ्याशी आलेलं पाणी आलं आणि रामराम घालून निघून गेलेल्या त्या चार बायका आल्या.

तो दोन पावलं पुढं सरकला आणि त्यानं मान वाकवली.

"बुवा, घालाच," तो हळूच म्हणाला. "त्या खडकापरीस माळ सोपी हाय."