भुजंगरावांच्या पेशी

भुजंगराव आले हे आमच्या डोळ्यांआधी नाकाला कळायचं. परभणीच्या एका कॉलेजात आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत होतो. मी सुखानं, ते लसूण ठेचत.

ठेचून झालं की घड्याळ समोर ठेवून दहा मिनिटं गप्प बसायचे. "त्याच्यातलं औषध आता तयार व्हायलंय. दम धरा जरा." मग तो रस काचेच्या बाटल्यांत वाढवलेल्या शेळीच्या यकृताच्या पेशींवर थेंब थेंब सोडायचे. यकृतात काही पेशी तंतू विणत सुटतात आणि यकृत कडक होऊन बसतं. लसणानं त्या विणायच्या थांबतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

त्यांच्या घरी त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं यकृत तसंच कडक झालं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. सगळ्या कॉलेजाला हे ठाऊक होतं. पण "वहिनींसाठीच चाललंय ना?" असं कुणी म्हटलं की भुजंगराव खवळायचे.

आमच्या हेडक्लार्कला कावीळ झाली. त्यानं भाबडेपणानं विचारलं, "मी लसूण खाऊ का साहेब?"

"अजिबात न्हाई! बाटलीतलं बाटलीत. माणूस काय बाटली हाय?"

एका विद्यार्थ्यानं नोंदवहीत आकडा जरा सोयीचा लिहिला, तर त्याला आठवडाभराचं काम पुन्हा करायला लावलं. पोरगा रडकुंडीला आला. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद असलं तरी हे पायी हजर. म्हणायचे, "पेशींना बंद कळत न्हाई."

कांदेनवमीला गावानं कांदालसूण खाऊन घेतला की चातुर्मासात लसणाला विचारणारे हे एकटेच. वहिनींचा चातुर्मास मात्र कडक, घरात लसणाचा वाससुद्धा चालायचा नाही. म्हणून हे अंगणात राखेनं हात घासायचे, अंघोळ करायचे आणि मग उंबरठा ओलांडायचे. एवढा विद्वान माणूस, पण रोज ओल्या पंच्यावर दारात उभा!

त्या भादव्यात वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही. पेशींची उबदार पेटी गार पडली. वर्षभर जपलेल्या पेशी, एकूण एक मेल्या. भुजंगरावांनी बाटल्या स्वतः धुऊन पालथ्या घातल्या. मला त्यांचं लक्षण बरं दिसेना, म्हणून मी घरापर्यंत सोबत गेलो.

वहिनी आत बाजेवर पडून होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांनी तिथूनच अंगणातल्या भुजंगरावांना हाक दिली, "काय म्हणतात हो तुमच्या पेशी?"

अंगणात राख घासता घासता भुजंगराव म्हणाले, "लय चांगलं चाललंय! इणायच्या थांबल्यात की!"

मी थक्क झालो. एका आकड्यापायी पोराला रडवणारा हाच का तो माणूस? ते बादली घेऊन मागच्या बाजूला गेले.

"भावजी, आ मिटा," वहिनी हळूच म्हणाल्या. "दोन दिवस आमच्याकडं तरी कुठं दिवे होते? कशा जगतील त्या? मला कळतं."

मी कुजबुजलो, "मग विचारलंत कशाला?"

"न्हाई इचारलं, तर घरात यायचा धीर होत न्हाई त्यांना."