घराला घाम फुटला

शेरिलनं दारात बुटांवरचं बर्फ झटकलं, आत येऊन एक खोल श्वास घेतला आणि घराची किंमत बावीस हजार डॉलरनं खाली आणली. अजून तिनं कोटसुद्धा काढला नव्हता.

"एक लाख अठरा हजार," ती म्हणाली. घरं विकून देणं हा तिचा धंदाच होता, त्यामुळे ती आकडा बोलली की तोच बाजारभाव ठरायचा. "त्याच्या वर एक डॉलर कुणी देणार नाही."

खिडकीजवळच्या खुर्चीतून तैस्तो कांगास अर्धवट उठला. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, त्यातली तीस वर्षं रस्त्यावरचं बर्फ सारणारी गाडी चालवण्यात गेलेली. आवाज अजून त्या गाडीसारखाच होता.

"अठरा? अगं, समोरचं मॅटसनचं घर तूच विकलंस ना एक लाख चाळीसला? खाण कंपनीनं बांधलेली घरं ही. तिथं जिना तर इथं जिना, तिथं खिडकी तर इथं खिडकी. फरक काय आहे, सांग बघू!"

"मॅटसन सिगारेट ओढत नव्हते," शेरिल म्हणाली. "इथं दारातच वास येतो."

त्याची बायको सायमी कॉफीचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तिथंच थांबली. तिचे गुडघे गेले होते. झोपायची खोली वर आणि मध्ये पंधरा पायऱ्या. रात्री वर जाताना ती प्रत्येक पायरीवर एकेका नातेवाइकाचं नाव घ्यायची, आणि ती नावं काही प्रेमानं घेतलेली नसायची. मार्केट नावाच्या शहरात तिच्या बहिणीच्या, लेंपीच्या, शेजारची तळमजल्यावरची जागा विकायला होती. पायरी एकही नाही आणि खिडकीतून सुपीरियर सरोवर दिसतं. किंमत बरोबर एक लाख चाळीस हजार. मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. सायमीनं मनातल्या मनात तिथं पडदेसुद्धा लावून टाकले होते.

"वास? कसला वास?" तैस्तोनं नाक वर करून हुंगलं. "सायमी, तुला येतोय?"

"मला एकावन्न वर्षांत कॉफीचासुद्धा आलेला नाही," सायमी म्हणाली आणि ट्रे खाली ठेवला.

तैस्तोचं एक लाडकं वाक्य होतं: "माझं व्यसन ते केवढं? दिवसाला एक पाकीट!" आठ डॉलरचं ते पाकीट घरात राजरोस वावरत असे. दुसरं पाकीट मात्र शिकारीच्या जुन्या कोटाच्या अस्तरात राहत असे, आणि ते फक्त तैस्तोला आणि कोटाला माहीत होतं.

"शनिवारी अकराला एक जोडपं घेऊन येते," शेरिल निघताना म्हणाली. "तोवर भिंतींवरचं सामान काढून ठेवा. काहीतरी गोड भाजा, वेलची घातलेला पाव वगैरे. आणि कृपा करून खिडक्या उघडा."

ती गेल्यावर तैस्तोनं लगेच भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि दोन पावलं मागे सरला.

"सायमी! इकडे ये. हा निळा डाग कसला पडलाय बघ!"

घड्याळाच्या जागी थाळीएवढं स्वच्छ, निळं वर्तुळ होतं.

"तो डाग नाही तैस्तो. ती भिंत आहे. बाकीचा सगळा डाग आहे."

"काहीतरीच! आपली भिंत कॉफीच्या रंगाची आहे. मला तर वाटायचं तूच निवडलास."

तैस्तोनं हट्टानं ओलं फडकं घेतलं आणि वर्तुळाशेजारी घासलं. तिथंही निळं निघालं. मग दोन्ही निळं एकसारखं दिसावं म्हणून मध्ये घासलं, तर ते उत्तरेला पसरलं. उत्तर-दक्षिण सारखी करायला गेला, तर पूर्व बिघडली. संध्याकाळपर्यंत भिंतीला निळा गोवर आला होता, तैस्तोचा खांदा आखडला होता आणि खोलीचा विसावा हिस्सासुद्धा झालेला नव्हता.

शनिवारी सकाळी सातला सायमी चर्चमध्ये गेली. विक्रीच्या पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, भरायला बायका जमणार होत्या, आणि कांदा कापायला सायमी नसली तर लेना आजी भाव खाते म्हणून तिला जाणं भाग होतं. "काही उपद्व्याप करू नकोस," असं ती जाताना म्हणाली. आता असं सांगून ज्यानं उपद्व्याप केला नाही, असा नवरा या उत्तर मिशिगनमध्ये अजून जन्माला यायचाय.

साडेसातला ऊर्हो आला. हा तैस्तोचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी भिंतीसमोर उभं राहून बराच वेळ विचार केला.

"माणसाच्या अंगातला मळ कशानं निघतो?" तैस्तोनं विचारलं.

"सौनानं," ऊर्हो म्हणाला. सौना म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफेत घाम काढायची खोली. फिनलंडहून आलेल्यांच्या नातवाला दुसरं उत्तर माहीत नसतं. सर्दी झाली तरी सौना, लग्न ठरलं तरी सौना, मोडलं तरी सौना.

"मग भिंतीनं काय घोडं मारलंय?"

ऊर्होनं टोपी काढली. "गड्या, हे आपल्याला पन्नास वर्षांपूर्वी का सुचलं नाही?"

सौना तळघरात होता. दोघांनी शेगडीत बर्चची लाकडं ठासली, दगड लाल होईपर्यंत वाट बघितली, सौनाचं दार उघडं टाकलं, तळघराचं दार उघडं टाकलं आणि दगडांवर बादल्या ओतायला लागले. एक बादली, दोन बादल्या, दहा बादल्या. वाफ जिन्यानं वर गेली, बैठकीत शिरली, छताला लागली आणि तिथं बसली. बनियनवर आलेला तैस्तो बर्चच्या डहाळ्यांची जुडी हातात घेऊन वाफ कोपऱ्याकोपऱ्यात हाकत होता.

"निघतंय का?" खालून ऊर्हो ओरडला.

"निघतंय!" तैस्तो आनंदानं ओरडला. मग जरा वेळानं, जरा कमी आनंदानं म्हणाला, "ऊर्हो... थांब जरा."

निघत होतं, पण जात नव्हतं. छतावर चहाच्या रंगाचे थेंब धरले होते. भिंतींवरून तपकिरी ओघळ एकामागून एक खाली येत होते. खिडकीची चौकट गळत होती, सायमीच्या आईचा फोटो गळत होता, आणि घरात असा वास सुटला होता की तो तैस्तोलासुद्धा आला. आयुष्यात पहिल्यांदा.

"अरे देवा," तो म्हणाला. "हे सगळं मी?"

"नाही, थोडं मीही असेन," ऊर्हो प्रामाणिकपणे म्हणाला. "पत्ते खेळायला यायचो ना."

तेवढ्यात दार उघडलं. दुपारी बर्फाचं वादळ येणार म्हणून शेरिलनं गिऱ्हाइकांना दोन तास आधीच आणलं होतं. तीनदा फोनही केला होता, पण बादल्यांच्या आवाजात तो कुणाला ऐकू येणार! तिच्यामागे एक तरुण नवरा, त्याची सात महिन्यांची गरोदर बायको, आणि त्यांच्या मागे, चर्चमधून लवकर सुटलेली, हातात गरम पेस्टीची पिशवी धरून सायमी. वाफेतून तैस्तो पुढे आला. अंगात बनियन, हातात डहाळ्या, डोक्यावरून तपकिरी ओघळ.

"या, या," तो म्हणाला. "जरा साफसफाई चाललीय."

सायमीनं पिशवी हळूच खुर्चीवर ठेवली. तिचा चेहरा बघून तैस्तोनं डहाळ्या पाठीमागे लपवल्या. ती रागावली असती तर परवडलं असतं. ती नुसती खिडकीकडे बघत होती, आणि त्या खिडकीतून सरोवर दिसत नव्हतं, मॅटसनचं घर दिसत होतं.

"चल मार्क," शेरिल त्या नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला दुसरं एक घर दाखवते."

"एक मिनिट," त्याची बायको म्हणाली. कैसा तिचं नाव, माहेरची फिन. "ही वाफ कुठून येतेय?"

"तळघरातून," तैस्तो पुटपुटला. "सौना आहे. माझ्या आजोबांनी बांधलेला."

"तळघरातल्या सौनानं अख्खं घर भिजवलं?" ती पोट सावरत तळघराच्या जिन्यापर्यंत गेली, गरम हवेत हात धरला आणि वळली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. "मार्क, आईच्या सौनात बसलं की मला स्वेटर घालावासा वाटतो. आपल्याला हाच सौना हवा."

"आणि भिंती?"

"भिंती हे धुऊन देतील. हो ना आजोबा? धुऊन द्या, एक लाख बत्तीस देतो. पण बाळाच्या खोलीत एक ओघळ दिसला तर व्यवहार मोडला."

शेरिलनं आयुष्यात पहिल्यांदा न बोलता वहीत आकडा लिहिला.

मग चार दिवस धुणं चाललं. सोडा, गरम पाणी, फडकी, आणि पुन्हा सोडा. ऊर्होला छत दिलं, कारण तो उंच होता आणि अपराधीही होता. सायमी खुर्चीत बसून खालची पट्टी पुसत होती. चौथ्या दिवशी दुपारी शेवटची भिंत झाली आणि बैठकीची खोली, कितीतरी वर्षांनी, पूर्ण निळी झाली.

सायमीनं भिंतीवर तळहात ठेवला.

"पोस्टात नोकरी लागल्यावर माझ्या पहिल्या पगारातून हा आणला," ती म्हणाली. "जूनमध्ये सरोवर कसं दिसतं, तो हा रंग. दुकानदाराला तीनदा मिसळायला लावला होता. म्हटलं, घरातून सरोवर दिसत नाही, तर भिंतीवर तरी असू दे."

"मग पुन्हा का नाही लावलास?"

"कशाला? पुन्हा कॉफी व्हायला?"

तैस्तो सवयीनं कोट चढवून बाहेर गेला, सिगारेट ओठांत धरली, काडी पेटवली. खिडकीतून आत सायमी दिसत होती. निळ्या भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून उभी. लग्नाच्या वर्षी उन्हाळ्यात किनाऱ्यावर ती अशीच उभी असायची. मी हिचं सरोवर ओढून संपवलं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला इतकी लाज वाटली की काडी बोटापर्यंत जळली तरी कळलं नाही. सिगारेट तशीच पाकिटात गेली.

लेंपीशेजारच्या जागेला अजून आठ हजार कमी पडत होते. महिनाअखेरीला तीन दिवस होते. दोघं कपडे करून बँकेत गेले. कर्जाच्या टेबलावर चष्मा लावलेली एक नीटनेटकी मुलगी होती. तिनं दोघांची पेन्शन मांडली, खर्च वजा केला आणि ओठ मुडपले.

"दीड वर्षाची मुदत धरली तर महिन्याला चारशे सत्तर डॉलरचा हप्ता बसतो. पण तुमच्याकडे शिल्लक काहीच राहत नाही. हप्ता कुठून भरणार?"

सायमीनं मान खाली घातली. तैस्तोनं खिशात हात घातला, सिगारेटचं पाकीट काढलं आणि मुलीसमोर टेबलावर ठेवलं.

"आजोबा, बँकेत सिगारेट ओढायला मनाई आहे!"

"ओढतोय कुठं? तारण ठेवतोय." त्यानं पाकीट आणखी पुढे सरकवलं. "रोजचं एक पाकीट, आठ डॉलर. आजपासून बंद. धर हिशेबात."

सायमीनं चटकन त्याच्याकडे बघितलं. मुलीनं यंत्रावर आकडे दाबले.

"महिन्याचे दोनशे चाळीस," ती हळू आवाजात म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. "अर्धाच हप्ता होतो आजोबा."

तैस्तोचे कान लाल झाले. त्यानं एकदा छताकडे बघितलं, एकदा दाराकडे. टेबलाखाली सायमीनं त्याचा हात हातात घेतला. एकावन्न वर्षांत चारचौघांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

"कोटाच्या अस्तरातलंही ठेव," ती म्हणाली.