एक दिवसाचा लाभार्थी

समलिंगी व्यक्तींना घरी मन मोकळे करता येत नाही, ही बाब विचारात घेऊन शहाद्यात 'ओळख प्रकटीकरण सुरक्षित कक्ष' सुरू करण्यात आला. तिथे गुपचूप यावे, असे रिक्षाला भोंगा लावून आठवडाभर गावभर सांगण्यात आले. अर्जावर शेजारच्या दोघांच्या साक्षीदार म्हणून सह्या तेवढ्या आवश्यक होत्या.

चार महिन्यांत कोणीही फिरकले नाही आणि तपासणी लागली. कक्षप्रमुख अल्पना मॅडमनी तातडीची बैठक घेतली.

"एक तरी लाभार्थी दाखवावाच लागेल. शिपाई चालणार नाही, त्याला सहा मुलं आहेत. भाग्येश, तू बिनलग्नाचा आहेस. उद्या तू."

कनिष्ठ लिपिक भाग्येशचा चहा फायलीवर सांडला. आपले मन मुलांकडे ओढते, हे आईला सांगायचे त्याने सात वर्षांपूर्वीच ठरवले होते. दर दिवाळीला तो सुरुवात करी आणि चकलीचे कौतुक करून थांबे.

"आईलाही आण," मॅडम म्हणाल्या. "रकाना अकरा, कुटुंबाने स्वीकारले काय? पर्याय दोन आहेत, 'होय' किंवा 'होय'."

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या साहेबांसमोर भाग्येशने मॅडमनी लिहून दिलेला कागद खिशातच ठेवला.

"माय, माले पोरीसंगे लगीन नही करनं. मन्हा जीव पोऱ्यास्वर जडस. लहानपनपाईन असंच शे."

त्याला रडू कोसळले. हे ऑफिसचे नाटक समजून मायने मॅडमचे वाक्य पाठ करून आणले होते, पण पोरगा रडतो आहे म्हटल्यावर तिने त्याला छातीशीच धरले. "तू जसा शे तसा मन्हा शे!"

साहेबांनी रुमाल काढला. सहा मुलांचा शिपाईही हुंदके देऊ लागला. शेरा पडला, 'अनुकरणीय'.

एसटी स्टँडवर भाग्येशने सगळा धीर गोळा केला. "माय, मी जे सांगं, ते खरं शे."

माय हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघून थांबली.

"येडा व्हयी गया का? खरं ऱ्हातं तर मी तुले अशी जवळ लेती का?"

बस लागली. ती आधी चढली आणि शेजारच्या सीटवर तिने पिशवी ठेवली.

कक्षाचा जिल्ह्यात पहिला क्रमांक आला. तर वाचकहो, रकाना अकराला तुम्ही मोठ्याने हसलात. घरातल्या कोणीतरी "काय एवढं?" म्हणून विचारले. तुम्ही विषय सांगितलात आणि पुन्हा हसलात. त्यावर त्या माणसाने काहीतरी सांगायला सुरुवात करून तुमच्या हातच्या चहाचे कौतुक केले का, तेवढे आठवून पाहा.