दिव्यात अडकलेली फांदी

रविवारी दुपारी कासिमिरो जेवायला बसतो न बसतो तोच आठ अनोळखी माणसं त्याच्या अंगणात शिरली आणि द्राक्षाच्या मांडवाखाली ऐसपैस बसली.

"काका, आधी आठ वाट्या पांढरी वाईन द्या," त्यांच्यातली एक बाई म्हणाली. "खायचं मागून सांगतो."

कासिमिरोची नजर फाटकाकडे गेली आणि त्याला घाम फुटला. सकाळी त्यानं तमालपत्राचं झाड छाटलं होतं. सगळ्यात मोठी फांदी फाटकावरच्या दिव्यात अडकली, तेवढ्यात बायकोनं जेवायला हाक मारली आणि हा ती तशीच सोडून आत आला. आता आमच्या गालिसियात, स्पेनच्या या कोपऱ्यात, दारावर ही फांदी लागली की तिचा अर्थ एकच. या घरची वाईन घरच्यांना पुरून उरलीय, या आणि प्या. त्याला नगरपालिकेचा परवाना लागतो. कासिमिरोकडे परवाना तर नव्हताच, पण त्याची वाईन पिणारं माणूसही नव्हतं.

अकरा वर्षं तो घरामागच्या द्राक्षांची वाईन करत होता आणि अकरा वर्षं त्याच्या मेहुण्यानं, फुकोनं, ती ओठाला लावली नव्हती. वाईनच्या बाबतीत गावात फुकोचा शब्द प्रमाण. तो दरवर्षी बहिणीकडे स्वतःच्या वाईनचं एक पिंप पाठवायचा, वर निरोप, "पाहुण्यांना ही देत जा, बिचाऱ्यांनी काय पाप केलंय?" फुकोनं एकदा, फक्त एकदा आपली वाईन मागून प्यावी, एवढी एकच इच्छा कासिमिरोची उरली होती. बाकी सगळं झालं होतं, पेन्शनसुद्धा.

"चुकून लागलीय म्हणून सांगा," त्याची बायको ओब्दुलिया म्हणाली.

तो सांगायला गेला. पण त्या बाईनं वही उघडली होती. "मी बेगोन्या. आम्ही माद्रिदचे. रिओहाची वाईन झाली, हेरेसची झाली, आता इकडच्या वाईनची ओळख करून घ्यायचीय. तुम्ही स्वतः करता ना?"

"स्वतः करतो," कासिमिरो म्हणाला आणि फसला.

आत येऊन तो कुजबुजला, "आठ वाट्या भर. फुकोच्या पिंपातली भर हं, आपली नको. अब्रू जाईल."

"अहो, आणि खायला? अंडी-बटाट्याचा तोर्तिया दोघांपुरता आहे."

"सोळा तुकडे कर."

मांडवाखाली माणसं बघून रस्त्यावरच्या गाड्या थांबू लागल्या. दोन कुटुंबं आली, मागोमाग सायकलवाले आले. अंडी संपली. शेजारीण अंडी घेऊन आली ती घरच्या सगळ्यांना घेऊनच आली. खुर्च्या संपल्या तेव्हा कासिमिरोनं इस्त्रीचं टेबल बाहेर काढलं. हिवाळ्यासाठी टांगलेले चोरिसो सॉसेज एकेक करून खाली उतरले. आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी वाटी पुढे करत होतं.

"हिला सफरचंदाचा वास आहे," बेगोन्या लिहीत होती. "थोडा समुद्राचाही. द्राक्षं कुठल्या उतारावरची?"

"मागच्या," ओब्दुलिया म्हणाली. "कोंबड्यांच्या शेजारच्या."

बेगोन्यानं तेही लिहून घेतलं. कासिमिरोला आनंदानं नाचावंसं वाटत होतं आणि रडूही येत होतं, कारण कौतुक होत होतं ते फुकोचं.

पाच वाजता पत्ते खेळायला खुद्द फुको आला. गर्दी बघून त्यानं भुवया चढवल्या, एक वाटी उचलली, घोट घेतला आणि डोळे मिटले.

"ही माझी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हजारात ओळखेन. मंडळी, ही माझ्या घरची वाईन बरं का. आमच्या दाजींची असती तर एव्हाना तुम्ही दवाखान्यात असता."

अंगण हसलं. कासिमिरोनं मान खाली घातली.

"फुको, जरा परत बोल," फाटकातून आवाज आला. चर्चपर्यंत लागलेल्या गाड्यांमुळे गावचा पोलीस बाल्दोमेरो आला होता. "तुझा परवाना तुझ्या घरापुरता आहे. बहिणीच्या अंगणात विकतोस? मग यंदा तुझी फांदी उतरवावी लागेल."

फुकोचा चेहरा उतरला. "अरे, मी कुठं विकतोय?"

"वाईन तुझी म्हणालास. तीस माणसांनी ऐकलंय."

ओब्दुलिया हात पुसत पुढे आली. "दादाच्या पिंपाला हातच लागला नाही. बूच काही केल्या निघेना, इकडे माणसं खोळंबलेली. मी दुपारपासून आमचीच देतेय."

कासिमिरो तळघरात धावला. त्यानं फुकोच्या पिंपावर टकटक केलं, ते काठोकाठ भरलेलं. आपल्या पिंपावर केलं, ते तळापर्यंत पोकळ. अडुसष्टाव्या वर्षी तो दोन दोन पायऱ्या एकदम चढून वर आला.

"लिहा साहेब," तो धापा टाकत म्हणाला. "परवान्याशिवाय वाईन पाजली, कासिमिरो ओतेरो लामास. दोन्ही आडनावं घाला."

"काका, दंड होईल."

"होऊ दे. पण ही वाईन फुकोची नाही, हे त्याच्या हातानं लिहून घ्या."

परवाना वाचवायचा तर फुकोला दुसरा मार्ग नव्हता. त्यानं इस्त्रीच्या टेबलावर वाकून लिहिलं, 'सदर वाईन माझी नसून माझे मेहुणे कासिमिरो यांनी केली आहे,' आणि खाली सही ठोकली. कासिमिरोनं ते बाल्दोमेरोकडून सगळ्यांसमोर दोनदा वाचून घेतलं.

माणसं पांगली. फुको बराच वेळ रिकाम्या वाटीत बघत बसला होता.

"दादा, तुझ्या पिंपाचं बूच काढून बघू का परत?" ओब्दुलियानं विचारलं.

"नको," फुको म्हणाला आणि कासिमिरोकडे न बघता त्यानं वाटी पुढे केली. "दाजी, ह्यातलीच द्या."

"संपली," कासिमिरो म्हणाला. आणि तो शब्द त्याला इतका आवडला की त्यानं तो सावकाश, चवीनं, आणखी एकदा म्हटला.